लहान मुलांचा इतिहास: सोलापूर जिल्ह्याच्या निमित्तानें

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांत परितेवाडी नांवाचें एक लहानसें खेडें आहे. ता. ३ डिसेंबर २०२० रोजीं या खेड्याचें नांव एकाएकीं जगाच्या वर्तमानपत्रांत झळकलें. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंतले शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांस, वार्की प्रतिष्ठानातर्फें युनेस्कोच्या सहकार्यानें दिलें जाणारें जागतिक शिक्षक पारितोषिक त्या दिवशीं जाहीर झालें. एकशेंचाळीसांहून अधिक देशांतून बारा हजारांवर नांवें पुढें आलीं होतीं. रक्कम दहा लक्ष डॉलरांची होती, आणि तिचा निम्मा भाग शेवटच्या यादींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून देण्याचें डिसले यांनीं लागलीच जाहीर केलें. पुढें कांहीं आठवडे आपल्याकडे जी चर्चा चालली ती बहुतेक या रकमेची व तिच्या वांटणीचीच होती. त्या शाळेंत मुलांस काय शिकविलें आणि कोणत्या रीतीनें शिकविलें, हें विचारणारे थोडे निघाले. प्राथमिक शाळा हा विषय सुशिक्षित कुटुंबांत मुलाच्या प्रवेशापुरता निघतो व प्रवेश मिळाला कीं मिटतो, त्यांतलाच हा प्रकार. तो उणा राहिलेला प्रश्न आम्ही येथें घेणार आहों, आणि त्यांतही इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र या, हल्लीं 'परिसर अभ्यास' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, विषयापुरताच घेणार आहों.

डिसले यांच्या कामाचा जो भाग सर्वतोमुखीं झाला तो क्यू. आर. कोडचा. पाठ्यपुस्तकाच्या पानावर काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक ठसा उमटविलेला असतो. मोबाईल दूरध्वनीचा डोळा त्यावर धरला कीं त्या धड्याशीं निगडित असलेली कविता ऐकूं येते किंवा चलच्चित्र दिसूं लागतें. युक्ति चांगली आहे. परंतु ठसा म्हणजे दाराची कडी होय; दार उघडल्यावर आंत काय मांडून ठेविलें आहे यावर सर्व अवलंबून. आंत तोच धडा कोणी मोठ्यानें वाचून दाखवीत असेल, तर पुस्तकाला जीभ फुटली एवढेंच म्हणावें लागेल. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचा दुसरा उपक्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या देशांचें एकमेकांशीं वांकडें आहे, उदाहरणार्थ भारत व पाकिस्तान किंवा इस्रायल व पॅलेस्टाईन, अशा देशांतील शाळकरी मुलांच्या जोड्या जुळवून त्यांस सहा आठवडे परस्परांशीं बोलतें ठेवावयाचें, अशी ती योजना होती. 'सीमा ओलांडूं या' अशा अर्थाचें तिचें नांव. पारितोषिकाच्या वेळीं प्रसिद्ध झालेल्या माहितींत आठ देशांतील सुमारें एकोणीस हजार मुलें तींत आलीं असें म्हटलें आहे. 'शेजारी देश' या धड्यांतील चार ओळी पाठ म्हणणें आणि त्या देशांतील आपल्याच वयाच्या मुलास 'तुझ्या शाळेंत आज काय झालें?' असें विचारणें, या दोहोंतील अंतर समजावून सांगण्यास शिक्षणशास्त्राच्या ग्रंथाची गरज नाहीं.

ही कल्पना यंत्रांनीं जन्मास घातली असा मात्र समज होतो, तो दूर केला पाहिजे. तिचा वंश बराच जुना आहे.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत इतिहास नांवाचा विषयच नव्हता. उजळणी, मोडी वाचन-लेखन आणि हिशेब इतकें आलें कीं मुलगा शहाणा झाला. पूर्वजांच्या गोष्टी तो कीर्तनांत, पोवाड्यांत आणि आजीच्या तोंडून ऐके. त्यांची परीक्षा कोणी घेत नसे, म्हणून कदाचित् त्या त्याच्या लक्षांत राहत. इंग्रजी अमलांत शाळाखातें आलें आणि त्याबरोबर इतिहासाचें पुस्तक आलें. सातारच्या दरबारीं राहिलेल्या ग्रँट डफनें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत प्रसिद्ध केला. थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन यानें त्याचें मराठींत रूपांतर करविलें, आणि 'मराठ्यांची बखर' या नांवानें तें आमच्या शाळांतून पढविलें जाऊं लागलें. बखर हें नांव घरचें, आंतील माल मात्र साहेबाचा! मुलांनीं तें पाठ केलें व विसरलीं. पण पाठ करणाऱ्यांतूनच एक विद्यार्थी असा निघाला कीं त्यानें पुस्तकाला उलट प्रश्न केला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं कॉलेजांत शिकत असतांनाच, १८६७-६८ च्या सुमारास, डफच्या ग्रंथावर टीका लिहिली. हें विधान कशाच्या आधारावर केलें, आमच्या बखरी या ठिकाणीं काय म्हणतात, असें ते विचारूं लागले. मराठ्यांच्या इतिहास-संशोधनाचा उगम येथें आहे असें पुष्कळ जाणते मानतात. आम्हांस त्यांत आणखीही कांहीं दिसतें. इतिहास शिकण्याची खरी क्रिया जिला म्हणावी ती हीच, आणि ती विसाव्या वर्षाची वाट पाहत बसली पाहिजे असा नियम नाहीं. 'हें तुम्हांला कसें कळलें?' हा प्रश्न आठ वर्षांचें मूल दिवसांतून दहा वेळां विचारतें. शाळेंत गेल्यावर तें विचारीनासें होतें, ही शाळेची करामत.

१८८२ सालीं हंटर कमिशनापुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शिक्षणाचा एक छोटा आराखडा आहे. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांचें प्राथमिक ज्ञान, शेतकीची मूलतत्त्वें, नीति व आरोग्य यांचे थोडेसे पाठ, असा तो आहे. त्यांत इतिहासाच्या शेजारीं शेतकी बसली आहे हें लक्षांत घेण्यासारखें आहे. खेड्यांतील शाळेचा अभ्यासक्रम शहरापेक्षां थोडा असला तरी चालेल, पण कमी व्यावहारिक असतां कामा नये, असाही त्यांचा आग्रह होता. म्हणजे ज्या मुलासाठीं धडा आहे त्याच्या बांधावरून धड्याचा आरंभ व्हावा, हा विचार आपल्याकडे १८८२ सालींच मांडला गेला होता. खात्यानें तो वाचला व दप्तरांत बांधून ठेविला.

याच सुमारास, म्हणजे १८९६ सालीं, अमेरिकेंत शिकागो येथें जॉन ड्यूई यानें एक प्रयोगशाळा काढिली. प्रयोगशाळा म्हणजे लहान मुलांची शाळाच. तेथील एक हकीकत त्यानें लिहून ठेविली आहे, आणि ती सोलापूरकरांस विशेष जवळची वाटावी. मुलांच्या हातीं लोंकर व बोंडांतला कापूस दिला. कापसांतून सरकी काढतां काढतां अर्धा तास गेला, आणि निघालेला कापूस भरला एक औंसाहूनही कमी! मग मुलांनींच ओळखलें कीं पूर्वीं लोक सुती वस्त्रांपेक्षां लोंकरीचीं वस्त्रें कां वापरीत, आणि सरकी काढण्याचें यंत्र निघाल्यावर एवढी उलथापालथ कां झाली. बोटांना जी अडचण भासली तिनेंच इतिहासाचें एक प्रकरण उलगडलें. (इतकेंच कीं ही उपपत्ति पश्चिमेची. आमच्याकडे हजारों वर्षें सरकी हातानें निघत होती व लोक सूतच नेसत होते. सोलापूरच्या मुलाला हाच कापूस दिला तर तो दुसरेंच उत्तर काढील, आणि तेंही बरोबर असेल.)

ड्यूईच्या शाळेनंतर एकेचाळीस वर्षांनीं, ऑक्टोबर १९३७ मध्यें, वर्धा येथें राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींची मूलोद्योगी शिक्षणाची योजना तींत मान्य झाली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिचा अभ्यासक्रम आंखिला. त्यांत इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांच्या भिंती पाडून 'समाजशिक्षण' असा एकच विषय केला होता, आणि तो सूत, माती, शेत यांच्या कामाशीं जोडावयाचा होता. मुंबई इलाख्यांत लोकप्रिय मंत्रिमंडळ आल्यावर तिचा प्रयोगही सुरू झाला. सोलापुरासारखें गांव अशा शिक्षणासाठीं मुद्दाम घडविल्यासारखें होतें. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी मिल', चालू झाली. तिच्याभोंवतीं तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर, कानडी मुलुखांतून आलेले मजूर, मराठवाड्यांतलीं दुष्काळानें उठलेलीं कुटुंबें, असे सगळे येऊन राहिले. एका मागाच्या धोट्याबरोबर हिंदुस्थानच्या अर्थकारणाचें सारें चित्र वर्गांत उलगडतां आलें असतें.

तें उलगडलें कां नाहीं? योजनेच्या शत्रूंपेक्षां तिच्या भक्तांनीं तिला अधिक मारलें, असें आमचें मत आहे. टकळी आली आणि तास टकळीचा झाला; किती तार निघालें याचा हिशेब वहींत गेला; परंतु सुतावरून इतिहासाकडे जावयाचें असतें ही गोष्ट शिक्षकास कोणी शिकविलीच नाहीं, किंवा शिकविली तेव्हां तोही परीक्षेचा एक प्रश्न झाला. हातांना काम आलें, डोक्याला सुट्टी मिळाली. आई-बापांनीं पाहिलें कीं मूल शाळेंतही सूतच कातीत आहे, आणि सूत तर घरींही होतें. त्यांना अक्षर पाहिजे होतें. गरिबाचा हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. स्वातंत्र्यानंतर दोन दशकांच्या आंत मूलोद्योगी शाळा नांवापुरत्या उरल्या.

याच्या उलट जेथें शिक्षकानें मुलाकडे पाहून रीत बदलली तेथें ती टिकली. श्रीमती ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें व पुढें १९५७ सालीं अनुताई वाघ यांसह तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. वारली मुलें शाळेंत येत नाहींत, गुरांमागें जातात, हें दिसतांच शाळाच कुरणांत नेली. कुरणशाळा हें नांव ऐकतांना गोड वाटतें. पण त्यामागें जें मानणें होतें कीं गुराख्याच्या पोराला रान, पाणी, जनावर व ऋतु यांचें ज्ञान आधींच आहे व शिक्षकानें तेथून पुढें निघावयाचें आहे, तें आजही आमच्या अर्ध्या शाळांनीं पत्करलेलें नाहीं.

आतां सोलापूर जिल्ह्याकडे परत येऊं. तिसरीच्या वर्गासाठीं जिल्ह्याजिल्ह्याचीं वेगळीं पुस्तकें काढण्याची चांगली वहिवाट बालभारतीनें पाडली. तरीही पुस्तक हें पुस्तकच. त्यांत सोलापूरचा भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचें देऊळ, पंढरपूर, चादरी यांस प्रत्येकीं दोन ओळी येतात व मूल त्या पाठ करितें. खरें तर या जिल्ह्याइतकी इतिहासाची उघडी शाळा दुसरी क्वचितच असेल. दक्षिण सोलापूर तालुक्यांत हत्तरसंग-कुडल येथें, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठी भाषेच्या ज्ञात लेखांत तो अत्यंत जुन्यांपैकीं आहे, व पुष्कळ अभ्यासक त्यास पहिलाच मानतात. चौथीच्या मुलाला तो सगळा वाचतां येणार नाहीं. पण त्यांतलें एखादें अक्षर आपल्या पाटीवरच्या अक्षरासारखें दिसतें कीं नाहीं, हें त्यानें शोधावें. हजार वर्षें ही संख्या त्याला त्या वेळीं जितकी कळेल तितकी सनावळीच्या शंभर ओळींनीं कळणार नाहीं. मंगळवेढें तालुक्यांत माचणूर येथें भीमेकांठीं औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. एका बादशहाची राजधानी चार वर्षें आपल्या गांवाजवळच्या नदीकांठीं तंबूंत होती असें ऐकल्यावर मुलें काय विचारतील? एवढ्या माणसांना ज्वारी कोठून आली? पाणी पुरलें कसें? पूर आला तेव्हां काय झालें? हे सैन्याच्या इतिहासाचे प्रश्न आहेत आणि शेतकऱ्याच्या इतिहासाचेही.

पाण्याचा प्रश्न तर येथील प्रत्येक मुलाच्या घागरींत आहे. शहराच्या उत्तरेस हिप्परग्याजवळ एकरूखचा तलाव १८७१ च्या सुमारास पुरा झाला. त्यानंतर पांचच वर्षांनीं १८७६-७७ चा तो भयंकर दुष्काळ आला, आणि आष्टीच्या तलावासारखीं कामें दुष्काळी मजुरांच्या हातून उभीं राहिलीं. या बांधांवर वर्गाची सहल नेतात. डबे खातात व परत येतात. ही माती कोणी टाकली, मजुरी काय मिळाली, धान्याचा भाव तेव्हां काय होता, हें १८८४ सालच्या सोलापूर गॅझेटियरमध्यें पानेंच्या पानें दिलें आहे. शिक्षकानें त्यांतील दोन आंकडे उतरून आणावे: एक दिवसाची मजुरी, दुसरा ज्वारीचा भाव. चौथीचें मूल त्रैराशिकाआधींचें गणित करून सांगेल कीं त्या माणसाचें पोट भरलें कीं नाहीं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें उघडलीं ही कथा मुलांस ठाऊक असतेच. ती परंपरेची कथा आहे, आष्टीचा बांध हा कागदपत्रांचा इतिहास आहे. दोन्ही शेजारीं ठेविलीं म्हणजे कथा व पुरावा यांतील भेद व्याख्येवांचून समजतो, आणि कथेचा मानही राहतो.

सर्वांत कठीण धडा १९३० चा. ता. ५ मे रोजीं महात्माजींच्या अटकेची बातमी आली. ८ मे रोजीं लोक शिंदीचीं झाडें तोडावयास निघाले, गोळीबार झाला, माणसें मेलीं. जमावानेंही पोलीस-ठाणें जाळलें आणि त्यांत पोलीसही मारले गेले. त्यानंतर कांहीं दिवस शहरांत इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरला नव्हता. १२ मे रोजीं लष्करी कायदा आला, आणि तिरंगी झेंडा बाळगणें हाच गुन्हा झाला. पुढें मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें. त्यांचे पुतळे शहरांत आहेत व दरसाल हार घातले जातात.

नऊ वर्षांच्या मुलास फांशीची गोष्ट कशी सांगावी? शाळांनीं यावर सोपा तोडगा काढिला आहे: वेशभूषा. चार मुलांस टोप्या घालून उभें करावयाचें, एकानें घोषणा द्यावयाची, पालकांनीं छायाचित्रें काढावयाचीं. शिवजयंतीस कागदी जिरेटोप व कापसाच्या मिशा, तसेंच हें. यालाच हल्लीं 'सर्जनशील अध्यापन' म्हणून अहवालांत नोंदवितात, आणि येथें आमचा तीव्र मतभेद आहे. ज्या खेळांत मुलास कांहीं शोधावें लागत नाहीं, निवड करावी लागत नाहीं, तो खेळ सुंदर असेल, शिक्षण नव्हे. त्याच प्रसंगाचें नाट्य करावयाचें तर मुलांकडून एक सभा भरवावी. गिरणी-कामगार, दुकानदार, शाळामास्तर, पोलिसाची बायको, अशीं सोंगें घ्यावीं, आणि लष्करी कायदा पुकारल्याच्या दिवशीं प्रत्येकानें 'मी आज काय करीन?' हें आपल्या शब्दांत सांगावें. कोणी भिऊन घरांत बसेल, कोणी झेंडा लपवील. पोलिसाची बायको झालेल्या मुलीला तर बोलतांना फारच जड जाईल, आणि जावें. चौघांच्या नांवांकडे पाहून कोणी तरी विचारीलच कीं हे चार घरचे, चार जातिधर्मांचे लोक एकत्र कसे आले. समाजशास्त्राचा यापेक्षां मोठा प्रश्न आम्ही महाविद्यालयांतही विचारीत नाहीं.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. वस्तीवरच्या शाळेंत चार वर्ग आणि शिक्षक दोन, अशी स्थिति सर्रास असते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हें तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचेंच मान आहे. एक वर्ग बांधावर नेला तर उरलेल्या तिघांकडे कोण पाहणार? शिवाय जनगणना, निवडणुका, नाना प्रकारच्या नोंदी हीं कामें त्याच्याच माथीं. तेव्हां उपदेश करणाऱ्यानें जरा जपून करावा. परंतु यांतही एक गोष्ट आम्हांस आशेची दिसते. चार वर्ग एकाच खोलींत बसतात ही इतर विषयांत अडचण असेल; परिसराच्या अभ्यासांत ती सोय आहे. पहिलीचें मूल बांधावरचे दगड मोजील, दुसरीचें चित्र काढील, तिसरीचें नकाशा करील, चौथीचें म्हाताऱ्याला प्रश्न विचारील. एकाच सहलींत चारही वर्गांचें काम होतें.

भाषेची गोष्ट निराळी. सोलापूर शहरांत एकाच गल्लींत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू बोलणारीं घरें नांदतात. मुलाच्या घरची भाषा एक व पुस्तकाची दुसरी असें येथें नित्य घडतें, आणि अशा मुलास इतिहासाचा धडा म्हणजे परक्या भाषेंतील परक्या माणसांची गोष्ट वाटते. डिसले यांच्या पारितोषिकाच्या निवेदनांतही मुलांच्या मातृभाषेंत मजकूर करून देण्यावर भर होता. तो भर योग्य आहे. पण आम्ही आणखी एक पाऊल टाकूं. मुलानें माहिती घरच्या भाषेंत आणावी व वर्गांत मराठींत सांगावी. तेलुगु आजीनें सांगितलेली मागाची हकीकत मराठींत मांडतांना शब्द अडतील. अडलेला शब्द तसाच फळ्यावर लिहावा. सोलापूरच्या मराठींत असे शब्द आधींच पुष्कळ आहेत.

आजीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाहीं. येथील मोठ्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंग्यावर ज्यांचा दिवस उजाडे, बदलीच्या कामासाठीं जे फाटकाशीं उभे राहत, ज्यांनीं संपांत महिनेच्या महिने काढले, त्या पिढीचीं माणसें आज सत्तरी-ऐंशींच्या घरांत आहेत. त्यांपैकीं बहुतेकांनीं कांहीं लिहून ठेविलेलें नाहीं. गिरण्यांचीं दप्तरें कोठें गेलीं हें विचारण्यांत अर्थ नाहीं. अशा प्रत्येक घरांत तिसरी-चौथींत शिकणारें एक नातवंड असतें. त्याला वहीचीं दोन पानें व पांच प्रश्न द्यावे: तुम्ही कितव्या वर्षीं कामाला लागलां, पहिला पगार किती होता, तो कशावर खर्च केला, दुपारीं जेवायला काय असे, गिरणी बंद झाली त्या दिवशीं घरीं आल्यावर काय केलें. शुद्धलेखनाच्या चुका तपासूं नयेत. वह्या वर्षअखेरीस रद्दींत न घालतां शाळेच्या कपाटांत, तारीख घालून, ठेवाव्या.